जोडीतली दुसरी बंदूक

हिरामण मिस्तरीच्या कोटाच्या उजव्या खिशात बारा महिने एक लिंबू असायचं. कोट खाकी, कोपरावर ठिगळ, आणि खिसा लिंबाच्या आकारानं कायमचा फुगलेला. खांडबाऱ्याच्या बाजारात पोरंटोरं म्हणत की मिस्तरी भुताला भितो. मोठी माणसंही थोडीफार तसंच समजत, फक्त बोलून दाखवत नसत.

नंदुरबारच्या मामलेदार कचेरीत बंदुकीच्या परवान्यांचं रजिस्टर माझ्याकडं होतं. सन तीस-पस्तीसच्या दरम्यानची ही गोष्ट. मी पुण्याकडचा माणूस. आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही, पण तालुक्यातल्या एकूण एक बंदुकीचा मी कागदोपत्री मालक असल्यासारखा वागत असे. थंडीच्या दिवसांत परवाने नव्यानं करून घ्यायला बंदूकवाले आपापली हत्यारं घेऊन कचेरीच्या ओसरीवर ओळीनं बसत. अशाच एका सकाळी मी बाहेर आलो, तर एक उंच, काटकुळा म्हातारा ओळीतल्या एकेका बंदुकीपुढं वाकत होता. त्यानं एका दुनळीच्या नळीवरचं तेल धोतराच्या सोग्यानं पुसलं, खिशातून लिंबू काढलं, दातानं त्याचा टवका तोडला आणि नळीवर खसाखसा घासलं.

"अहो, ही कचेरी आहे!" मी ओरडलो. "उतारे बाहेर टाका!"

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "दम खा, भाऊसायेब," एवढंच म्हणाला आणि नळीवर नजर लावून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. पाचेक मिनिटांनी मला जवळ बोलावलं. मघापर्यंत आरशासारखी गुळगुळीत दिसणारी नळी आता काळसर पडली होती आणि तिच्यावर शेवयांसारख्या बारीक नागमोडी रेघा उमटल्या होत्या.

"देखा. हाई पोलाद नही. हाई पिळनी नळी शे. इन्हामा नवी दारू भरी ते हाऊ मानूस जाई," म्हणून त्यानं त्या बंदुकीच्या मालकाकडं बोट दाखवलं. मालक बिचारा विडी ओढत होता, ती त्याच्या हातातच राहिली.

जुन्या काळी नळी एकाच पोलादाची नसे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, सळईभोवती गुंडाळायच्या, तापवून ठोकून सांधायच्या. तशी ती नळी. काळ्या दारूला ती वर्षानुवर्षं पुरत असे. पण आता दुकानात बिनधुराच्या दारूची काडतुसं आली होती, आणि तिचा दणका वेगळा. "काळी दारू ढकलस, नवी दारू झटकस," असं मिस्तरी म्हणे. नळीवरचा पीळ डोळ्यांना दिसला असता तर प्रश्न नव्हता. पण आमच्याकडं दसऱ्याला शस्त्रपूजा, आणि पूजेआधी घरची पितळेची भांडी जी राख आणि विटेची भुकटी लावून घासतात, त्याच हातानं बंदूकही घासली जाते. दहावीस दसरे झाले की पीळ जातो, शिक्के जातात, कोणत्या काडतुसासाठी ती बनली ते सांगणारी अक्षरं जातात, आणि आजोबांची बंदूक कालच दुकानातून आणल्यासारखी लखलखते. घासणाऱ्याला वाटतं, आपण पुण्य केलं.

मिस्तरी कधी बसत नसे. हे मी अतिशयोक्तीनं सांगत नाही. "बसा मिस्तरी," म्हटलं की "नको, जावानं शे," आणि मग तासभर उभाच. उभ्या उभ्या माझी रूळपट्टी घेऊन टेबल मोजायचा, दौतीचं झाकण काढून परत लावायचा, खिडकीशी जाऊन यायचा. मी त्याला तोंडावर अहोजाहो करत असे. आठवताना मात्र तो मला तो म्हणूनच आठवतो. एकदा वैतागून मी विचारलं, एवढी कसली घाई आहे तुम्हाला? "घाई माले नही, भाऊसायेब. घाई दारूले शे," तो म्हणाला.

जातीचा लोहार. बंदुका दुरुस्त करायचा सरकारी परवाना त्याच्याकडं होता. त्याच्या पिशवीत एक पितळी ठोकळा असे, रेल्वेतल्या कुणा ओळखीच्या फिटरकडून कातून घेतलेला. काडतूस नळीच्या ज्या भागात बसतं त्याला तो घर म्हणे. ठोकळा त्या घरात सरकवून तो लांबी सांगायचा: जुन्या बंदुकीचं घर अडीच इंची, नव्या काडतुसाला पावणेतीन लागायचं. एका सरकीवाल्या शेटजीनं रंगीत चित्राच्या डबीतली नवी काडतुसं आणली होती. शेटजीनं स्वतः एक काडतूस नळीत घालून दाखवलं. "हे बघ, बसतंय की व्यवस्थित!"

"बठाले कोनबी बठस, शेटजी," मिस्तरी म्हणाला. "उठाना टाईमले जागा लागस."

म्हणजे काय, ते त्यानं मला नंतर समजावलं. बंद काडतूस आखूड असतं, घरात मावतं. उडताना त्याचं दुमडलेलं तोंड उलगडतं. उलगडायला जागा नसली की ते नळीचा गळा धरतं आणि दाब मागं फिरतो, बंदूकवाल्याच्या तोंडाकडं. शेटजींची डबी त्यानं ठेवून घेतली आणि त्यांना स्वतः भरलेली काळ्या दारूची काडतुसं दिली. मापानं दारू, वर जुन्या घोंगडीतून कापलेला डट्टा, वर छर्रे. शेटजी नाराज होऊन गेले. लग्न ठरवताना लोक गोत्र विचारतात, मग बंदूक आणि दारूचं लगीन लावताना कुणी का विचारत नाही, हे त्याचं नेहमीचं गाऱ्हाणं होतं. "बंदूक खोटं बोलत नही," तो म्हणे, "पन तिले इचारानं पडस."

एका बंदुकीला त्यानं विचारलं नव्हतं. ती हकिगत त्यानं मला ओळख झाल्यावर दुसऱ्याच भेटीत सांगितली, कारण त्याचं माझ्याकडं काम होतं.

खांडबाऱ्याजवळच्या एका गावचे दौलतबापू पाटील त्याचे लहानपणापासूनचे मित्र. एक जंगलसाहेब विलायतेला परत जाताना आपल्या बंदुकांची जोडी विकून गेला. एकाच कारागिरानं, एकाच वेळी केलेल्या दोन दुनळ्या. एकीच्या दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याचा एक, दुसरीच्या पट्टीवर सोन्याचा दोन. एक नंबरची बापूंनी घेतली. दोन नंबरची कुठं गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. बापूंनी घेतली तेव्हाच ती साहेबाच्या खानसाम्यानं घासून घासून चकचकीत केलेली होती.

त्या वर्षी बापूंच्या वासरांवर बिबट्या पडत होता आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला रानातून हुसकायचा हाका ठरला होता. दसऱ्याला मिस्तरी सोनं द्यायला बापूंच्या घरी गेला, तेव्हा बंदूक पाटावर होती. हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची माळ घातलेली. बापूंनी विचारलं, नवी काडतुसं मिळालीत, चालतील का? मिस्तरीनं बंदूक उघडायला हात पुढं केला. बापूंची आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "आज नको उघाडू, भाऊ. देव बठेल शे."

"मी हात मांगे लिधा," मिस्तरी सांगत होता आणि सांगताना माझ्या कपाटाची कडी वरखाली करत होता. "कुंकू पुसानं नही, म्हनीसन लिंबूबी नही लावं. वरथून देखं. चमकी ऱ्हायनी व्हती. मी सांगं, पोलाद शे, चाली. तीन शब्द, भाऊसायेब."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बारात नळी फुटली. बापूंच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. मिस्तरीनं हाक्याच्या सगळ्या माणसांसमोर आपलं डोकं बडवून घेतलं आणि चूक माझी म्हणून सांगितलं. त्या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून खिशात लिंबू, आणि तेव्हापासून दोन नंबरच्या बंदुकीचा शोध.

"ती जोडनी शे. एकाच भट्टीमाईन निंघेल. तीबी घासेल व्हई, तिले बी कोनी पोलाद समजी. कोना तरी हात जाई आनि माले कळाबी नही," तो म्हणाला. मग पिशवीतून एक चिंधीची पुरचुंडी काढली. आत फाटलेल्या नळीचा तुकडा. "आनि आजून एक शे. जास्त दाबनी नळी घरपाशी फुटस. हाई एक हात पुढे फुटनी. अठे सांधा कच्चा व्हता का? दुसरीले देखं ते कळी."

त्याचं काम सोपं होतं. रजिस्टर उघडून दोन नंबरची बंदूक तालुक्यात कुणाच्या नावावर आहे का ते सांगायचं. मी सांगितलं, रजिस्टर गोपनीय आहे, खासगी माणसाला दाखवता येत नाही, अर्ज करा. त्यानं अर्ज केला. मी तो वर पाठवला. वरून काही आलं नाही. तो दर बाजाराला खांडबाऱ्याहून गाडीनं यायचा, उभा राहायचा, कपाटाकडं बघायचा. ते कपाट माझ्या खुर्चीच्या मागं होतं. हात लांबवला असता तर रजिस्टर निघालं असतं. पण नियम म्हणजे नियम, असं मला तेव्हा फार वाटायचं, आणि नियम पाळणाऱ्या माणसाला जी एक ऐट असते ती माझ्यात ठासून भरली होती. असे आठ महिने गेले.

एकदा तो आला तो तापानं फणफणलेला. तरी बसेना. खिडकीच्या गजाला धरून उभा. त्याचे हात कापत होते आणि गज खडखड वाजत होता. त्या खडखडीनं माझा धीर सुटला. मी शिपायाला बाहेर पाठवलं, रजिस्टर काढलं आणि पानं उलटू लागलो. अर्धा तास लागला. तापीकाठच्या एका गावचे छगनभाई, गुजर शेतकरी. दुनळी, बारा बोर, पट्टीवर सोनेरी अंक दोन, स्थिती नव्यासारखी. अक्षर माझंच होतं. ती नोंद मीच चार वर्षांपूर्वी केली होती. मला इतकी लाज वाटली की मी त्याला सांगितलं, मिस्तरी, मीही येतो.

ताप उतरल्यावर आठ दिवसांनी आम्ही निघालो. बैलगाडीत तो बसेल असं मला वाटलं होतं. तो दांडीला धरून गाडीबरोबर चालत होता, थोडा पुढं जायचा, थांबायचा, परत पुढं जायचा. गावाजवळ आलो तर उसाच्या फडाभोवती वीसपंचवीस माणसं डबे आणि काठ्या घेऊन उभी. फडात रानडुकरं शिरली होती. बांधावर छगनभाई पागोटं सावरत उभे आणि त्यांच्या हातात बंदूक. सूर्य डोक्यावर होता. नळ्या अशा चमकत होत्या की बघवत नव्हतं. मिस्तरी धावत सुटला. त्या वयाचा माणूस तसा धावलेला मी पाहिलेला नाही. "उडाडू नको! भाऊ, उडाडू नको!" तो ओरडत होता. छगनभाईंना वाटलं, अंगावर डुक्कर आलं.

त्यानं बंदूक जवळजवळ हिसकावूनच घेतली, उघडली, काडतुसं काढली. नवी होती. पट्टीवर दोन होता. मग लिंबू. वीसपंचवीस माणसं डबे वाजवायचे थांबून बघत राहिली. रेघा उमटल्या.

छगनभाई भले माणूस. रागावले, पण शिवी दिली नाही. "मन्ही बंदूक काळी करी टाकी तू," ते म्हणाले. "अरे, तीन डब्या उडाडी दिध्या मी या काडतूसना. चार वरीस व्हयनात. काहीच नही व्हयनं."

मिस्तरीचा हात थांबला. "तीन डब्या?"

"तीन."

मिस्तरीनं नळ्या लाकडी दस्त्यापासून वेगळ्या केल्या, उन्हाकडं धरल्या आणि आतून कितीतरी वेळ पाहिलं. मग बोटानं बाहेरून चाचपलं. घरापासून एक हात पुढं, बरोबर जिथं पहिली फुटली होती तिथं. पुन्हा पाहिलं, पुन्हा चाचपलं. सांधा पक्का होता. कुठं फुगवटा नाही, चीर नाही. "देवनी राखं तुले," तो छगनभाईंना म्हणाला. "आजपावत. उद्यानं माहीत नही." त्यानं ठोकळा घालून घर आखूड असल्याचं दाखवलं, नवी काडतुसं सगळी मागून घेतली आणि आपल्या पिशवीतली काळ्या दारूची दोन डझन त्यांच्या हवाली केली. नंतर बार झाला, पांढऱ्या धुराचा ढग उठला, छगनभाई खोकले आणि डुकरं तापीकडं पसार झाली. सगळे हसले. मिस्तरी हसला नाही. बंदूक सापडली, माणूस वाचला; मला वाटलं होतं, आता याच्या जिवाला स्वस्थता येईल. पण त्याचा चेहरा जास्तच ओढला होता.

"ती नही फुटनी," तो वाटेत म्हणाला. "तीन डब्या खाईसन नही फुटनी. मंग पहिली एका काडतूसमा कसाले फुटनी?"

नंदुरबारला तो मला घरी जाऊ देईना. तशीच गाडी पकडून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंच्या दारात. दौलतबापूंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणे, गोरे, डावा हात उपरण्याखाली ठेवायची सवय. ते बैलांना पाणी पाजत होते. मिस्तरीनं रामराम केला नाही.

"बापू, दोन नंबरनी सापडनी. साबूत शे. तीन डब्या उडेल शेत. आते तू सांग, आपली कसाले फुटनी?"

बापूंनी बादली खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मग म्हणाले, "माय चैतमा गई. तव्हयपाईन सांगसू सांगसू करी ऱ्हायनू. जीभ उठत नही."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मायनं बंदूक घासली होती. घासून झाल्यावर गंज चढू नये म्हणून तिळाच्या तेलात चिंधी भिजवून ती काठीनं नळीत फिरवली होती. बापू दवाखान्यातून महिन्यानं घरी आले तेव्हा ती काठी त्यांना कोपऱ्यात दिसली. टोकाला चिंधी अर्धीच होती.

"बाकीनी नळीमा अडकी ऱ्हायनी व्हती, तठेच बार अडना," बापू म्हणाले. "मी बी काडतूस भरताना आरपार देखं नही. हाका सुरू व्हई गयथा. माय रोज मन्हा हातले तेल लावे आनि रडे. तिले कसं सांगू, का माय, हाई तुन्हा हातथून व्हयनं? आनि तू ते पहिलाच सगळासमोर मन्ही चूक, मन्ही चूक करी बठना व्हता. मी गप ऱ्हायनू. हिरामण, मी तुले अकरा वरीस जाळं."

मी मिस्तरीकडं पाहिलं. मला वाटलं, आता हा ओरडेल, किंवा तसाच फिरून चालायला लागेल. त्यानं ओट्याला हात लावला, धूळ झटकली आणि बसला. दोन्ही पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून बसला. मी त्याला बसलेलं पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"पानी दे," तो म्हणाला. पाणी प्याला. मग म्हणाला, "मायले काहीच कळनं नही ना?"

"नही."

"मंग कोनलेच सांगानं नही. भाऊसायेब, तुम्ही बी नही. मी बंदूक उघाडी देखतू ते चिंधी माले सापडती. मन्हं नाव शे तठेच ऱ्हाऊ द्या. माले सवय व्हई गई. म्हतारीना नाववर आते कसाले टाकानं?"

त्या दिवशी तो दुपारपर्यंत बापूंच्या ओट्यावर बसून होता. दोघं काहीबाही बोलत होते, बैलांचं, भातशेतीचं. पुढच्या बाजाराला कचेरीत आला तेव्हा पुन्हा उभाच. लिंबूही खिशात होतं. मी म्हटलं, आता कशाला? त्यानं माझी रूळपट्टी उचलली आणि म्हणाला, तालुक्यात अजून किती बंदुका आहेत ते रजिस्टर पाहून सांगा. मी सांगितलं. अर्ज मागितला नाही.

त्यानंतर चारेक वर्षं तो जगला. खांडबाऱ्यात नदीकाठी त्याला नेलं तेव्हा मी गेलो होतो. बापूंनी खांदा दिला; डावा हात उपरण्याबाहेर होता. चिता पेटल्यावर लोक बोलतात तसे बोलू लागले. कुणीतरी म्हणालं, "हातना गुनी मानूस व्हता. पन बापूना हात गया तो यानाच पायी."

"नही," बापू मोठ्यानं म्हणाले. सगळे वळले. "काडतूस बराबर व्हतं. नळीमा चिंधी व्हती."

"चिंधी? कोनी घाली?"

"मी," बापू म्हणाले. "मीच घाली आनि मीच इसरनू. त्यानी जलमभर मन्हं झाकं."

लोकांना ते खरं वाटेना. मग बापूंनी माझ्याकडं पाहिलं, आणि सगळ्यांनीच पाहिलं. कचेरीतला माणूस, कागदाचा माणूस, हा खोटं बोलणार नाही. म्हातारीचं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं, आजही नाही.

"होय," मी म्हणालो. "मिस्तरींनी मलाही असंच सांगितलं होतं."